सात आकडे आणि गोंयच्या सायबाचं वर्ष

गेल्या सेमिस्टरला आमच्या विभागाच्या सेमिनारमध्ये मी एक वाक्य मोठ्या थाटात वाचून दाखवलं होतं: १९६४ साली मडगावातल्या एका घरात फेंडरची बास गिटार होती. दिसायला साधं वाक्य. पण माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा निम्मा डोलारा त्यावर उभा होता. आता ते वाक्य मी काढून टाकलंय. का काढलं, चूक कशी कळली आणि मधल्या मध्ये मी स्वतःच्या हाताने कोणता पुरावा मोडला, ते आज लिहितेय. पीएचडीची तयारी करणारे तुमच्यातले बरेच जण विचारत असता की "वस्तू हाही पुरावा असतो" असं पुस्तकात म्हणतात, म्हणजे नक्की करायचं काय? माझ्याकडे याचं एक उदाहरण आहे, आणि ते फसलेलं असल्यामुळे जास्त उपयोगी आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पाश्चात्त्य वाद्यं १९५० ते १९८० या काळात आपल्या किनाऱ्यावर कुणी आणली, कशी आणली आणि बिघडली की कुणी दुरुस्त केली, हा माझा विषय. गोव्याचे वादक मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्रांत होते तसेच बोटींवरच्या बँडमध्येही होते. बोटीवर नोकरी करणाऱ्याला गोव्यात तारवटी म्हणतात. अशाच एका तारवटी वादकाच्या घरी मी गेले होते. ते आता नाहीत. त्यांच्या मुलीने, म्हणजे मी ज्यांना आंटी म्हणते त्यांनी, वडिलांची बास जपून ठेवलीय. कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळून.

आंटी म्हणाल्या, "गोंयच्या सायबाचं प्रदर्शन होतं ना, त्या वर्षी पप्पांनी बोटीवरून आणली." गोंयचो सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर. जुन्या गोव्यात साधारण दर दहा वर्षांनी त्यांचं शव दर्शनासाठी खुलं करतात. मी खोलीवर येऊन तारखा पाहिल्या, १९६४ च्या अखेरीस एक प्रदर्शन झालेलं दिसलं, आणि वहीत लिहिलं: "बास १९६४ साली आणली, आंटींच्या सांगण्यानुसार." ही नोंद लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

आता ही बास म्हणजे काय ते जरा नीट बघू, कारण पुढचं सगळं तिच्या पोटात दडलेलं आहे.

फेंडर प्रिसिजन बास बाजारात आली १९५१ च्या शेवटी. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडरचा कारखाना होता. लिओ स्वतः गिटार वाजवत नसे. त्याचा मूळ धंदा रेडिओ दुरुस्तीचा. तोवर बँडमध्ये बास म्हणजे माणसाहून उंच, उभं धरून वाजवायचं डबल बास. ते गाडीत मावायचं नाही, आणि ट्रंपेट-ड्रमच्या गदारोळात ऐकू यायचं नाही. लिओने ३४ इंच तारेच्या लांबीची, आडवी धरायची, पट्ट्याने गळ्यात अडकवायची आणि मानेवर पडदे बसवलेली बास बनवली. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून नाव 'प्रिसिजन'.

"म्हणजे पहिली इलेक्ट्रिक बास फेंडरची?" नाही. १९३० च्या दशकात सिएटलमध्ये पॉल टुटमार्क नावाच्या गृहस्थांनी ऑडिओवॉक्स या नावाखाली '७३६' नंबरची आडवी, पडद्यांची, भरीव लाकडाची इलेक्ट्रिक बास विकली होती. ती फारशी खपली नाही, आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात. तसंच, फेंडर बास गाजवणारा पहिला वादक म्हणून लोक सर्रास मंक माँटगोमरीचं नाव घेतात. पण 'डाउन बीट' मासिकाच्या जुलै १९५२ च्या अंकात लेनर्ड फेदरने लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमधल्या या नव्या वाद्यावर लिहिलं, तेव्हा ते रॉय जॉन्सनच्या हातात होतं. माँटगोमरी त्या बँडमध्ये नंतर आला. तुमच्या विषयात 'पहिला' हा शब्द आला की जरा थबका. बहुतेक वेळा तो 'पहिला प्रसिद्ध' असतो. अर्थात मी हे शहाणपण तुम्हाला शिकवतेय आणि त्याच वेळी स्वतः 'मडगावातली पहिली' शोधत फिरत होते, ते सोडा.

तर पिकअप. वाजवणाऱ्यांना हे माहीत असेल, बाकीच्यांनी दोन मिनिटं सोसा. लोहचुंबकावर अगदी बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात. वर लोखंडाची जाड तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. ती वीज म्हणजे आपला सूर. अडचण ही, की ही गुंडाळी अँटेनासारखंही काम करते. घरातल्या वायरिंगचा, ट्यूबलाइटच्या चोकचा, ट्रान्सफॉर्मरचा घुंऽऽ असा आवाज ती इमानेइतबारे पकडते.

बासला हा त्रास जास्त टोचतो, कारण तो घुमघुमाट बासच्या स्वतःच्या घरात राहतो. चार तारांच्या बासची सर्वांत जाड, ई तार मोकळी छेडली तर सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते, त्यापुढची ए तार ५५ वर. अमेरिकेत घरातली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे घुमघुमाट ए तारेच्या दुसऱ्या पडद्यावरच्या बी सुराला जवळजवळ चिकटून. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरच्या जी सुराला खेटून. खराब वायरिंगच्या हॉलमध्ये बास लावलीत तर कुणीतरी मागे बसून बेसूर 'जी' धरल्यासारखं वाटतं.

१९५१ च्या प्रिसिजनमध्ये एकच गुंडाळी होती आणि चार तारांखाली चार चुंबक. १९५७ साली फेंडरने पिकअप बदलला. आता त्याचे दोन तुकडे झाले, एक जाड दोन तारांखाली, एक बारीक दोन तारांखाली, एकमेकांपासून जरा सरकवलेले. दोन्ही तुकड्यांच्या चुंबकांची दिशा उलटसुलट, आणि गुंडाळ्या एकमेकींशी उलट जोडलेल्या. बाहेरून येणारा घुमघुमाट दोन्ही तुकड्यांत सारखाच शिरतो, पण जोडणी उलट असल्यामुळे एकाची अधिक बाजू दुसऱ्याच्या उणे बाजूला खाऊन टाकते. सुराचं तसं होत नाही, कारण प्रत्येक तार एकाच तुकड्यावरून जाते. वजाबाकी होते ती फक्त नको त्या आवाजाची. मला हे आजही जादूसारखं वाटतं.

पण हे केलं कशासाठी? इथे इतिहासाचा प्रश्न सुरू होतो. दोन कारणं सांगितली जातात. एक उघड आहे, घुमघुमाट घालवायला. दुसरं असं, की जुन्या पिकअपमध्ये चुंबक थेट तारेखाली असल्यामुळे बोट मारताक्षणी सिग्नलचा मोठा धक्का बसायचा आणि त्या काळच्या अँपचे स्पीकर त्याने फाटायचे. म्हणून नव्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेच्या दोन्ही बाजूंना एकेक असे आठ चुंबक बसवले, मधोमध रिकामी जागा ठेवली. कोणतं खरं? माझं मत असं की इथे वस्तूच साक्ष देते. धक्का कमी करायला आठ चुंबक पुरेसे होते. त्यासाठी पिकअपचे दोन तुकडे करायची, चुंबक उलटे लावायची आणि जोडणी उलटी करायची काहीच गरज नव्हती. तेवढा खटाटोप कुणी चुकून करत नाही. म्हणजे घुमघुमाट घालवणं हा योगायोगाने मिळालेला फायदा नव्हता, तो ठरवून साधलेला होता. दुसरं कारण यामुळे खोटं ठरत नाही. आठ चुंबकही आहेतच.

मात्र वस्तूचीही परीक्षा घ्यावी लागते. एक गुंडाळी दिसली म्हणजे बास १९५७ च्या आधीची, असं म्हणालात तर फसाल. फेंडरनेच १९६८ साली टेलिकास्टर बास या नावाने जुनी एक-गुंडाळीची रचना पुन्हा बाजारात आणली. जुनं रूप परत येतं. कपड्यांत येतं, वाद्यांतही येतं.

छापील कागदावर तरी भरवसा ठेवावा का? त्याचाही एक किस्सा आहे, आणि तो मला इतका आवडतो की विषय थोडा सोडून सांगते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाच्या अभियंत्याने गिटारसाठी असाच घुमघुमाट मारणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप केला. पेटंटचा अर्ज जून १९५५ मध्ये, मंजुरी जुलै १९५९ मध्ये, नंबर २८९६४९१. दरम्यान पिकअपखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिकटपट्टी असायची, आणि मंजुरी मिळाल्यावरही ती काही वर्षं तशीच चालू राहिली. मग नंबर छापलेली पट्टी आली. त्यावरचा नंबर होता २७३७८४२. हे पेटंट उघडून पाहिलंत तर त्यात पिकअपचा मागमूस नाही. ते आहे लेस पॉलच्या टेलपीसचं, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीचं! नकल करणाऱ्यांना चकवायला हे मुद्दाम केलं की कारकुनी घोळ झाला, यावर जुन्या गिटारींचे शौकीन अजून भांडतात. आपल्यापुरता मुद्दा एवढाच: पिकअपवर कंपनीने स्वतः छापलेला नंबर, तोही सरकारी पेटंटचा, आणि तरीही तो त्या वस्तूबद्दल नाही. पेटंट आज घरबसल्या मोफत वाचता येतात. तळटीपेत नंबर टाकण्याआधी ते उघडून बघायला पाच मिनिटं लागतात.

असो. मडगावला परत या.

आंटींच्या भाच्याचं लग्न ठरलं होतं आणि त्यांची इच्छा होती की पप्पांची बास त्यात वाजावी. मी हौशी वादक. कॉलेजपासून बास वाजवते, सोल्डरिंग गन घरात आहे, स्वतःच्या स्वस्तातल्या बासचं पोट दहादा उघडून बंद केलंय. मी म्हटलं, करते की. बास अँपला जोडली तर दोन तक्रारी: बटण फिरवलं की खरखर, आणि सतत गुणगुण. तारांना हात लावला तरी गुणगुण तशीच राहायची, पण केबल जिथे खुपसतो त्या जॅकच्या धातूला बोट टेकवलं की कमी व्हायची. हे लक्षण ठरलेलं आहे. ब्रिजकडे, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीकडे, जाणारी अर्थिंगची वायर तुटलेली असते. तारा अर्थला जोडलेल्या नसल्या की वाजवणाऱ्याचं शरीरच अँटेना बनतं. दोन तुकड्यांचा पिकअप कितीही हुशार असला तरी त्याच्यापुढे हे सगळं चालत नाही.

मी वरची प्लॅस्टिकची पाटी काढली. आत दोन पॉट, म्हणजे आवाज आणि टोन कमी-जास्त करायची फिरती रोधकं; एक कपॅसिटर; कापडी वेष्टणाच्या वायरी. पॉट जाम झाले होते, खरखर त्यांचीच. मी सरळ सोल्डर वितळवलं, वायरी कापल्या, जुने पॉट काढून खिशात टाकले, २५० किलोओहमचे नवे पॉट बसवले, ब्रिजची वायर नवी ओढली. दीड तासात काम. गुणगुण गेली, आंटी खूश, लग्नात बास वाजली. मी फोटो काढला का? काढला. सगळं झाल्यावर. चकचकीत नव्या पॉटचा.

वाचतानाच तुमच्या पोटात गोळा आला असेल तर तुम्ही संशोधनाला तयार आहात. मला तो गोळा यायला तीन महिने लागले.

सेमिनार होऊन गेला होता. प्रकरण पक्कं करताना म्हटलं, वाद्याच्या वर्णनाची एक तळटीप टाकू. जुने पॉट डबीत होते. एकाची पाठ पुसली तर सात आकडे दिसले: १३७६६२८. अमेरिकेत बनलेल्या अशा सुट्या भागांवर उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक आणि तारीख ठोकायची पद्धत होती. पहिले तीन आकडे कंपनीचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ असते तर स्टॅकपोल. पुढचे दोन आकडे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट १९६६ च्या अठ्ठाविसाव्या आठवड्यातला, जुलैमधला. १९५० च्या दशकातल्या पॉटवर वर्षाला एकच आकडा असतो, तेव्हा दशक कोणतं हे बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं. माझ्या नशिबाने इथे दोन होते, पळवाट नव्हती.

१९६४ साली आणलेल्या बासमध्ये १९६६ चा पॉट.

आता हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते नीट बघा. तुमच्यापैकी पुरातत्त्ववाले हे पहिल्या वर्षीच शिकतात. एखाद्या थरात १८३५ चा रुपया सापडला तर तो थर १८३५ च्या आधी बंद झालेला असू शकत नाही. नंतर केव्हाही झालेला असू शकतो. पॉटचंही तसंच. हा पॉट ज्या बासमध्ये कारखान्यातच बसला असेल ती बास जुलै १९६६ च्या आधीची नाही. कितपत नंतरची? सीबीएस कंपनीने जानेवारी १९६५ मध्ये फेंडर विकत घेतली, आणि १९६६ मध्ये पॉटचा भलामोठा साठा करून ठेवला गेला, असं जुनी वाद्यं उघडून नोंदी ठेवणाऱ्यांना दिसून आलंय. १९६६ ची तारीख असलेले पॉट १९६९ पर्यंतच्या वाद्यांत सापडतात. हे ज्ञान, लक्षात घ्या, विद्यापीठातल्या कुणी शोधलेलं नाही. खरखर काढायला, वायरिंग बदलायला स्क्रू उघडणाऱ्या हौशी वादकांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी एकेक आकडा टिपून ते उभं केलंय. माझ्यासारखा अर्धवट हौशी मात्र त्याच उत्साहात पुरावाही उडवतो.

कारण खरा प्रश्न होता "हा पॉट कारखान्यातच बसला होता का?" आणि त्याचं उत्तर सोल्डरमध्ये होतं. पहिल्यांदा दिलेलं सोल्डर आणि नंतर कुणी गरम करून पुन्हा दिलेलं सोल्डर बहुतेक वेळा ओळखू येतं. दुसऱ्यांदा दिलेल्याचा गोळा मोठा आणि मळकट, आजूबाजूला फ्लक्स सांडलेला, वायरीचं कापडी वेष्टण भाजलेलं. बोटीवर किंवा मडगावात कुणी आधी पॉट बदलला असता तर या खुणा दिसल्या असत्या. त्या होत्या का? मला आठवत नाही. मी बघितलंच नाही. मी वितळवलं.

मी दुसरा पुरावा शोधायला लागले. ऐकून ठरवता येईल का? एका मित्राने लग्नाचं रेकॉर्डिंग ऐकून छातीठोकपणे सांगितलं, "हा साठच्या सुरुवातीचा टोन आहे." माझा यावर काडीचा विश्वास नाही. साध्या, बॅटरी नसलेल्या पिकअपचा आवाज केबलवरसुद्धा अवलंबून असतो. केबलला स्वतःची धारिता असते, मीटरला साधारण १०० पिकोफॅरडच्या आसपास. म्हणजे सहा मीटरची केबल लावलीत की न विचारता एक छोटा कपॅसिटर जोडल्यासारखं होतं, आणि आवाजातली धार त्यानुसार सरकते. वायरलेस लावलंत तर ती लांब केबलच गायब, आवाज उघडा होतो; काही वेळा वायरलेसची पेटीच स्वतःचा रंग चढवते. सत्तरच्या दशकात केन शॅफरने केलेली वायरलेस यंत्रणा बड्या रॉक बँडमध्ये पसरली. डिसेंबर १९७६ मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँडला 'किस' बँडचा गिटारवादक एस फ्रेली स्टेजवरच्या धातूच्या कठड्याला टेकला आणि अर्थिंगच्या घोळामुळे विजेचा जबर झटका बसून पडला, त्यानंतर त्या बँडने ती घेतली. या यंत्रणेत आवाज एकीकडे दाबून दुसरीकडे पुन्हा फुलवणारं सर्किट होतं, आणि त्याचा परिणाम तिच्यातून वाजलेल्या गिटारींच्या रेकॉर्डवर उतरलेला आहे. तर रेकॉर्डिंग ऐकताना तुम्ही बास, केबल किंवा वायरलेस, अँप, हॉल आणि बोटं, सगळं एकत्र ऐकत असता. त्यातून साल काढणं म्हणजे आमटी चाखून तूर कुठल्या शेतातली ते सांगणं.

मान आणि धड जिथे जुळतात तिथली धातूची पाटी मात्र कामाची निघाली. तिच्यावर नंबर असतो. नंबर क्रमाने वापरले जात नसत, पेटीतून हाताला येईल ती पाटी लागायची, म्हणून नंबरवरून साल ठरवणं धोक्याचं. पण आंटींनी व्हिडिओ कॉलवर बास उलटी करून दाखवली तेव्हा पाटीवर मोठं इंग्रजी 'एफ' अक्षर कोरलेलं दिसलं. ते अक्षर १९६५ च्या अखेरीपासून येऊ लागलं. पाटीही बदलता येते, मान्य. पण पॉट आणि पाटी दोन्ही कुणी बदलावं, आणि दोन्ही योगायोगाने एकाच काळातल्या मिळाव्यात? मानेच्या टाचेवर, म्हणजे धडात लपलेल्या टोकाला, तारखेचा शिक्का असतो. तो बघितला तर बरंच मिटेल. त्यासाठी चार स्क्रू काढावे लागतील. खाऱ्या हवेने ते गंजलेत, आणि आंटी म्हणाल्या, "बाय, मान नको काढूस." मी आग्रह केला नाही. एकदा विचार न करता हात घातला होता तेवढा पुरे.

मग मी मॅडमकडे गेले, माझ्या मार्गदर्शकांकडे, आणि सांगितलं की आंटींची आठवण चुकलेली दिसते. वस्तू १९६६ नंतरची आहे. मौखिक स्मृती कशी सरकते यावर एक परिच्छेद लिहिते. मनात तर शीर्षकही तयार होतं. मॅडमनी माझी वही मागितली. ती नोंद वाचली आणि विचारलं, "हे १९६४ कुणी म्हटलं? त्यांनी की तू?"

मी खोलीवर येऊन मूळ रेकॉर्डिंग लावलं. आंटींनी १९६४ हा आकडा एकदाही उच्चारलेला नव्हता. त्या म्हणाल्या होत्या, "सायबाचं प्रदर्शन होतं त्या वर्षी." आणि पुढे, जे मी वहीत उतरवलंच नव्हतं कारण मला ते बासशी संबंधित वाटलं नाही: "आम्ही सगळे जुन्या गोव्याला गेलो. एवढी मोठी लाइन. धाकट्याला मीच कडेवर घेऊन उभी. पप्पा सुटीवर आले होते ना तेव्हा."

आंटींचा जन्म १९५८ चा. १९६४ च्या अखेरीस त्या सहा वर्षांच्या. सहा वर्षांची मुलगी कुणाला कडेवर घेऊन रांगेत उभी राहणार? मी फोन करून विचारलं, धाकटा भाऊ कधीचा? म्हणाल्या, "सत्तरचा." पुढचं प्रदर्शन १९७४ च्या अखेरीस झालं. तेव्हा आंटी सोळा वर्षांच्या आणि कडेवरचा भाऊ चार वर्षांचा. मी विचारलं, "मग १९७४ का आंटी?" त्या म्हणाल्या, "हो, मग? तू लिहिलं नाहीस?"

त्यांची आठवण शंभर टक्के बरोबर होती. पॉट बरोबर होता. पाटी बरोबर होती. माझ्या वहीतली एक ओळ चुकीची होती, आणि तिच्या शेवटी मी लिहिलं होतं "आंटींच्या सांगण्यानुसार." मॅडमनी थांबवलं नसतं तर एका बाईची अचूक साक्ष मी 'सदोष स्मृती'चं उदाहरण म्हणून छापली असती, तेही तिच्या वडिलांच्या नावासकट. मोडलेल्या सोल्डरपेक्षा मला याची जास्त धास्ती वाटते.

तेव्हापासून मी वहीत मधोमध रेघ मारते. डावीकडे समोरच्याचे शब्द, जसेच्या तसे, भावाला कडेवर घेतल्यासारखे निरुपयोगी वाटणारे तपशीलही. उजवीकडे माझे हिशेब, वेगळ्या शाईत. वस्तू हातात आली की उघडण्याआधी फोटो, उघडल्यावर फोटो, शेजारी पट्टी ठेवून. सोल्डरच्या प्रत्येक डागाचा जवळून एक. दुरुस्ती करायचीच असेल तर बाहेर काढलेला प्रत्येक तुकडा पाकिटात, वर तारीख आणि कुठून काढला ते. विभागात एक ज्युनिअर हार्मोनियमच्या सुरपट्ट्यांवर काम करतोय, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, मी परवाच दोन घासल्या." चालायचंच.

तिसरं प्रकरण नव्याने लिहावं लागलं. १९५१ मध्ये फुलर्टनला बनलेली गोष्ट तेरा वर्षांत मडगावला पोचली, ही माझी वेगवान आणि रुबाबदार कथा गेली. त्या जागी आता जरा वेगळा प्रश्न बसलाय: साठच्या दशकाच्या उत्तरार्धात बनलेली ही बास १९७४ मध्ये बोटीवरून उतरेपर्यंतची पाच ते आठ वर्षं कुणाच्या हातात होती? ती नवी घेतली नसणार, हे जवळजवळ नक्की. म्हणजे गोव्यातल्या वादकांपर्यंत वाद्यं दुकानांतून कमी आणि हातोहात, बंदराबंदरांतून, जुन्या बाजारातून जास्त आली का? आंटींच्या वडिलांचं बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक घरात आहे. त्यात कोणत्या बोटीवर कधी चढले, कधी उतरले याच्या नोंदी असतात. १९७३ आणि १९७४ ची पानं स्कॅन करून पाठवते असं आंटी म्हणाल्यात.

जुने दोन्ही पॉट मी पाकिटात घालून, वर सगळं लिहून, गेल्या आठवड्यात त्यांना परत दिले. दुसऱ्या पॉटवरचा आकडा गंजामुळे अजून वाचता आलेला नाही. आंटींनी पाकीट चादरीच्या घडीत, बासच्या शेजारी ठेवलं.